मधला कप्पा

मारबुर्ग, २० सप्टेंबर २०१६

चि. सौ. वैजयंतीस,
त्र्यंबकमामाचे अ. उ. आ. वि. वि. ('सौ.' सवयीने पडले. खोडत नाही, आशीर्वादाच्या ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही.)

डेटलेफ ऑगस्टमध्ये घर सोडून त्या झिल्केबाईकडे राहायला गेला आणि जाताना तुझ्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी मागून घेऊन गेला, हे वाचून नवरे या जातीविषयीच्या माझ्या ज्ञानात काही भर पडली नाही. तिला एप्रिलात मूल व्हायचे, त्याआधी त्याला लग्न करायचे, म्हणून घटस्फोटाची घाई. इथला कायदा मात्र आधी वर्षभर वेगळे राहा म्हणतो.

त्यावर उपाय आहे. शय्या आणि भोजन वेगळे असेल तर एका छपराखालची माणसेही इथे विभक्तच धरतात. तेव्हा फेब्रुवारीपासूनच आपण घरातल्या घरात वेगळे होतो, असे दोघांनी लिहून द्या. विचारलेच, तर स्वयंपाक वेगळा, धुणे वेगळे, फ्रिजमध्ये कप्पा वेगळा. कप्पा हा माझा अलंकार. तेवीस वर्षे जर्मन मुलांना संस्कृत शिकवूनही कल्पनाशक्ती अगदीच गंजलेली नाही.

इथे राहण्याच्या परवान्याची काळजी नको. तीन वर्षांचा संसार झाला की तो नवऱ्याच्या नावावाचून मिळतो. तू आलीस मे २०१३ मध्ये. तुझी तीन भरून वर तीन महिने झाले. मसुदा सोबत जोडला आहे. सही कर आणि मोकळी हो.

लोभ आहेच, त्याला कुठल्या कचेरीचा शिक्का लागत नाही.
त्र्यंबकमामा


बीलेफेल्ड, १६ मार्च २०१७

ती. त्र्यंबकमामांस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

दहा मिनिटांत आटपलं. न्यायाधीशबाईंनी खरंच विचारलं, फ्रिजमध्ये कसं काय करत होतात म्हणून. मी म्हटलं, मधला कप्पा माझा. डेटलेफ खाली बघत राहिला. गेल्या वर्षी त्याच फेब्रुवारीत तो तापाने आठ दिवस पडून होता, आणि मी त्याला मऊ भात भरवत होते. तो पहिल्यांदाच मला म्हणाला होता, की तू नसतीस तर माझं काय झालं असतं. कोर्टात दोघांनाही तेच आठवलं असणार.

नवी खोली छोटी आहे, पण खाली घंटीपाशी एकटं माझं नाव आहे. येता-जाता वाचते. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ब्रून्सबाई म्हणतात, तुझ्या हाताला गिऱ्हाइकं लागली, आता तू हललीस तर माझं दुकानच बसेल. परवान्याचा अर्ज केलाय. तेवढा हातात आला की इचलकरंजीला दादाच्या घरी, त्याची परत आलेली बहीण म्हणून जायला नको. मामा, मला फक्त एवढंच नकोय.

आशीर्वाद असू द्या, आणि थोडी चेष्टाही.
वैजू


बीलेफेल्ड, ८ जुलै २०१७

ती. मामांस, शि. सा. न.

अर्ज फेटाळला. कचेरीतली बाई वाईट नव्हती. तिने कोर्टाचा कागद काढला आणि माझ्यासमोर बोटांवर मोजलं. मे दोन हजार तेरा ते फेब्रुवारी दोन हजार सोळा. पावणेतीन वर्षं. म्हणाली, अहो, तीनच महिने कमी पडले, उन्हाळ्यापर्यंत कसंतरी निभावायचं होतं ना.

मी बोलून गेले, की उन्हाळ्यापर्यंत होतोच आम्ही एकत्र. तिने पेन खाली ठेवलं. हळूच विचारलं, हे लिहून घेऊ का? लिहिलं तर तुम्ही दोघं कोर्टात खोटं बोललात असं होईल. मी नको म्हटलं. दुकानातल्या कामावर वेगळा परवाना मिळत नाही, त्याला इथली पदविका लागते. सप्टेंबरअखेर निघायचं आहे.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. सही माझी होती.
वैजू


मारबुर्ग, २९ जुलै २०१७

चि. वैजू,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तीन वर्षे भरली हे मीच मोजले, आणि त्याच पानावर फेब्रुवारी घालून त्यातली तीन महिन्यांची तूट मीच पाडली. अर्ध्या गुणासाठी मुलांशी तासतास हुज्जत घालणारा मी. पुन्हा एकदा मोजून बघावे, एवढे सुचले नाही.

वकिलाकडे जाऊन आलो. मी खरे सांगायला तयार आहे म्हटले. तो म्हणाला, अवश्य सांगा, मग भाची आणि तिचा नवरा दोघांवर खटला, मसुदा लिहिणाऱ्यावर तिसरा, आणि परवाना तरीही मिळेल असे नाही. मग डेटलेफकडे गेलो. त्याने दार उघडले ते मुलीला खांद्यावर घेऊन. मला बघताच रडू लागला. म्हणाला, मामा, आता खरे सांगणे माझ्याच्याने नाही होणार. त्याला शिव्या द्यायच्या म्हणून गाडीत बसून पाठ केल्या होत्या. एकही आठवली नाही.

या जागी एरवी मी काही विनोद करतो.

त्र्यंबक


इचलकरंजी, १४ ऑक्टोबर २०१७

ती. मामांस,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना घंटीपाशी लावलेली माझ्या नावाची चिठ्ठी काढायला गेले, तर अर्धीच निघाली. बाकीची नखाने खरवडून येईना. तशीच ठेवून आले. ब्रून्सबाईंनी कात्री भेट दिलीय, ती अजून कागदात आहे.

फोनवर म्हणालात ते, कोर्टाला लिहायला घेतलेलं पत्र फाडलंत ना? फाडा. तुम्ही खरं बोललात तर मी उघडी पडेन. गप्प राहिलात तर निदान माझ्याबरोबर कुणी तरी गप्प आहे, असं वाटेल.

दादा फार बोलत नाही. वहिनी मनाने चांगली आहे. आल्या दिवशीच तिने फ्रिज आवरला, आणि म्हणाली, वन्सं, तिकडे तुमचं सगळं वेगळंच असायचं, फ्रिजमध्येसुद्धा, असं तुमच्या कोर्टाच्या कागदात होतं, यांनीच सांगितलं. इथेही संकोच करू नका. हा मधला कप्पा तुमचा.

मी त्यात अजून काही ठेवलेलं नाही. घरातलंही कुणी ठेवत नाही.

तुमचीच,
वैजू