मास्तरांच्या प्लेअरमधलं

७ जाने., लातूर
बारा वर्षं ज्यांनी गाणं शिकवलं ते मास्तर दिवाळीपासून फोन उचलत नाहीत. आज काम निघालं तर उदगीरहून बायकोला, काकूंना, पाठवलं. हातात त्यांचा बोटाएवढा प्लेअर. त्यांच्या जुन्या मैफली माझ्या कंप्युटरवर आहेत, त्या यात भरून द्यायच्या.
"मास्तर कसे आहेत?"
"बरे हायत. घसा बसलाय जरा." उठताना म्हणाल्या, "सुनंदा, आत त्यांचं काही रेकॉर्डिंग हाय. ते ऐकू नको म्हणलेत."
हाव म्हटलं. पण राग होताच. डिसेंबरात माझ्या शाळेतल्या मुलींच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं निमंत्रण पाठवलं, तर साधा नकारही कळवला नाही. तेव्हा मीच स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, मास्तर आता मोठे झाले.

८ जाने.
प्लेअर जोडला, कंप्युटर ओळखेचना. केबल नुसती चार्जिंगची. गंजगोलाईच्या बाजारातून दुसरी आणली, तेव्हा दिसला. काही उडू नये म्हणून आतलं सगळं आधी माझ्याकडे कॉपी केलं. इथवर ठीक.
मग एक फाइल उघडली. चुकून नाही.
गाणं नव्हतं. मास्तर बोलून राहिले होते, जीभ जड. "सु... सुनं..." मागून काकू, "सावकाश. डॉक्टर काय म्हणले? रोज बोलून भरायचं, मग आपलंच ऐकायचं." परत पहिल्यापासून. शेवटी, "मी... येतो... का... कार्यक्रमाला."
"लावू का तिला फोन?"
"न... नको."
तारीख कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीची.
तिथंच बंद करायला हवं होतं. आणखी चार ऐकल्या.

९ जाने.
स्टाफरूममध्ये देशपांडेबाई, "काय, आले का मग तुमचे मोठे मास्तर?" सगळ्या हसल्या. शब्द माझाच. आजारी आहेत म्हणावं, तर तुला कसं कळलं विचारतील. डबा तसाच परत आणला.

११ जाने., रवि. उदगीर
मैफली भरून प्लेअर द्यायला गेले. मास्तर खुर्चीत. उजवा हात मांडीवर, ठेवल्यासारखा. काकू हळूच म्हणाल्या, "दिवाळीत झटका आला. कुणाला सांगायचं न्हाई म्हणले."
पहिल्यांदाच कळल्यासारखं केलं. 'अगं बाई' सुद्धा म्हणाले. शी.
मास्तरांनी प्लेअर वर धरला. "ऐ... ऐकलंस?"
"नाही मास्तर."
त्यांनी मान हलवली. चेहरा सैल झाला. काकूंना खूण केली, हिला चहा दे.

१२ जाने., लातूर
सकाळी काकूंचा फोन. "तुझ्यावर लई भरवसा त्यांचा. प्लेअर भरला की तुझ्याकडंच देत जाऊ म्हणून राहिलेत. रिकामा करून देशील ना? गुरुवारी घेऊन येते."
"हाव, द्या," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.
त्या फाइली कंप्युटरवर आहेत अजून. दोनदा पुसायला बसले. पुसल्या तर मी ऐकलं हे फक्त मला माहीत राहील, आणि तसंच चालून जाईल.
गुरुवारी काकू येतील. त्याआधी उदगीरला जाऊन मास्तरांना समोर बसून सांगणार आहे, मी ऐकलं.