तळमजल्याचा नळ

प्रिय सुलभावहिनी,

सोसायटीने मला तुमच्यासाठी शोकप्रस्ताव लिहायला सांगितलाय. नवा सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुमचं मराठी चांगलं आहे ना, पाच ओळी लिहून द्या." मी लिहायला बसलो. 'मनमिळाऊ, शांत, धार्मिक वृत्तीच्या' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. तुम्ही आणि शांत? जिन्यात चपला काढल्या म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांना तुम्ही अनवाणी परत पाठवलं होतंत!

कागद फाडला. तुम्हाला जाऊन महिना झाला, आणि तुमच्याबद्दल मला जे सांगायचंय ते प्रस्तावात बसत नाही. खरं तर ते तुमच्याबद्दल नाहीच, माझ्याबद्दल आहे. तुम्ही असताना ते मी बोललो नाही. खाली उतरून तुमचं दार वाजवायला चौदा पायऱ्या होत्या, तरी बोललो नाही. म्हणून आता हे पत्र.

तुम्हाला तो शिमग्याच्या आधीचा आठवडा आठवतो? तुमची आणि रामदादांची, दोघा नवराबायकोची, मालवणला जायची तयारी चालली होती. सकाळी सातला तुम्ही माझ्या दारात आलात. मी तेव्हा सेक्रेटरी, ऑफिसला निघायच्या घाईत. तुमच्या हातात स्टीलचा तांब्या.

"भावजीनू, पाण्याक वास येता. गटारासारखो."

मी तांब्याला नाक लावलं. खरं सांगू? मला काहीच वास आला नाही. सकाळी मला सर्दी असते, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "वहिनी, आमच्याकडे तर पाणी झकास आहे."

"तुमका वास येणा नाय म्हणजे आमकाय येणा नाय?"

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, टाकी साफ करून घेतो.

आणि घेतली हो! मी कामचुकार नव्हतो. त्याच रविवारी दोन माणसं लावून गच्चीवरची टाकी घासून घेतली, औषध टाकलं, वर एका खासगी लॅबच्या माणसाला बोलावून पाणी तपासायला दिलं. चार दिवसांत रिपोर्ट आला, 'पिण्यास योग्य'. त्यावर मी सही-शिक्का केला आणि जिन्याखालच्या फळ्यावर लावला. केवढा अभिमान वाटला होता मला त्या कागदाचा!

तुमच्या नळाला मात्र टाकीचं पाणी येतच नव्हतं. तळमजल्याच्या चारही घरांचे स्वयंपाकघरातले नळ थेट रस्त्यावरच्या लाइनीला जोडलेले होते. इमारत बांधली तेव्हापासून. गच्चीवरची टाकी दुसऱ्या, नव्या लाइनीवर भरायची. सकाळी दोन तास पाणी यायचं, तेवढ्यात तुम्ही पिण्याचं भरून ठेवायचात. वहिनी, मला हे माहीत होतं का? माहीत होतं. दहा वर्षं सेक्रेटरी होतो मी, प्लंबरच्या नकाशाची घडी माझ्याच कपाटात होती. पण तुमचा तांब्या आणि तो नकाशा, हे दोन्ही एकाच वेळी माझ्या डोक्यात आले नाहीत.

मग ती मीटिंग. ती मला विसरता येत नाही, आणि तुम्हीही विसरला नसाल. गच्चीवर तीसेक माणसं, मी रिपोर्ट वाचून दाखवतोय, आणि मागून तुमचा आवाज आला.

"खयच्या नळाचा सँपल घेतलास?"

एवढा साधा प्रश्न! त्या गच्चीवर तेवढा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता आणि तो तुम्ही विचारलात. सातवी शिकलेल्या बाईने. आणि मी, विमा कंपनीत तीस वर्षं फायली तपासलेला माणूस, काय बोललो? "वहिनी, वय झालं की नाकाला पण भास होतात."

लोक हसले. मोठ्याने हसले. रामदादा तुमच्या शेजारी काठीवर हात ठेवून बसले होते, ते हसले नाहीत. तुम्ही उठलात, त्यांच्या दंडाला धरून त्यांनाही उठवलंत, आणि जाताना म्हणालात, "कागदाक नाक असता काय?"

यावरही लोक हसले. मीही.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तुम्ही खालच्या चारही घरांत फिरलात. कुणाला जुलाब, कुणाला उलट्या, कधीपासून, सगळं जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून काढलंत. चार घरांत सहा जण आजारी. वरच्या मजल्यांवर एकही नाही. वहिनी, यालाच तपास म्हणतात! मोठे डॉक्टर सुरुवातीला हेच करतात. तुम्हाला कुणी शिकवलं होतं?

मग लोणच्याची बरणी धुऊन, त्यात पाणी भरून तुम्ही वॉर्ड ऑफिसला गेलात. तिथे तुम्हाला सांगितलं, मावशी, असं चालत नाही, बरणीतलेच जंतू सापडतील, त्यासाठी उकळून निर्जंतुक केलेली बाटली लागते. दुसरा कुणी असता तर घरी येऊन शिव्या घालत बसला असता. तुम्ही म्हणालात, "मग तुमची बाटली घेऊन तुम्ही येवा." आणि बाकावर बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसलात. तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठलाच नाहीत.

तिसऱ्या दिवशी नमुना घ्यायला एक बाई आल्या. कमिटीतलं कुणीतरी हजर हवं, म्हणून मला खाली बोलावलं. मी वैतागून आलो होतो, कबूल करतो. हातात रिपोर्टची झेरॉक्स होती.

त्या बाईंनी आधी पाच मिनिटं नळ तसाच वाहू दिला. मग स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजलं, बंद बाटली उघडून त्यात पाणी घेतलं, झाकण लावून बर्फाच्या डब्यात ठेवलं. मग एका काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात दोन-चार थेंब टाकले.

"क्लोरीन असेल तर पिवळं होतं," त्या म्हणाल्या.

आपण तिघंही त्या नळीकडे बघत राहिलो. पाण्याला रंग आलाच नाही.

त्यांनी पुन्हा थेंब टाकले. पाणी तसंच.

मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली, परत दिली, आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "सर, टाकीतलं पाणी चांगलंच असेल हो. पण हे टाकीतलं नाही ना."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. का नाही बघितलंत? मी वाट बघत होतो. तुम्ही त्या बाईंना विचारलंत, "हेंका काल रात्रीपासून जुलाब होतत, आता काय पाजू?" आणि मला कळलं की आतल्या खोलीतून येणारं बारीक कण्हणं रामदादांचं आहे.

संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलात हलवलं. रिक्षापर्यंत त्यांना उचलून नेणाऱ्यांत मी होतो. अंगातलं सगळं पाणी गेलेला माणूस किती हलका होतो, हे मला त्या दिवशी कळलं. कापडगिरणीत माग चालवलेले हात माझ्या खांद्यावर होते आणि त्यांत पकड नव्हती.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. 'पिण्यास अयोग्य'. विष्ठेत असतात ते जंतू सापडले होते. मग गल्ली खणली. खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून तुमची सूनबाई बसली होती, कारण तुम्ही तिला हॉस्पिटलातून फोन करून सांगितलं होतंत, "पाइप दाखवल्याबिगर बुजवूक देव नको." जुनी लाइन चक्क गटारातून गेली होती आणि गंजून तिला भोकं पडली होती. दिवसभर पाणी बंद असताना गटाराचं पाणी आत शिरायचं आणि सकाळी तुमच्या नळातून बाहेर यायचं. पाइप बदलला, बाहेरून वळवून घेतला. पुन्हा नमुने घेतले. या वेळी थेंब टाकल्याबरोबर पाणी पिवळं झालं.

सगळे बरे झाले. रामदादाही घरी आले. पण ते काही पूर्वीचे रामदादा नव्हते. जोगेश्वरीच्या गुंफेपर्यंत रोज चालत जाणारा माणूस गेटपर्यंत येईना. पुढच्या वर्षी ते गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, किडन्या आधीच कमजोर होत्या. पाण्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

तुम्हीही नाही!

वहिनी, हेच मला समजत नाही. चपलांवरून भांडणाऱ्या तुम्ही. तुम्ही मला गेटवर उभं करून चार शिव्या घालायला हव्या होत्यात. मी रिपोर्टचा कागद फळ्यावर लावला नसता, लोकांनी तो वाचून निश्चिंत होऊन ते पाणी आणखी आठ दिवस प्यायलं नसतं, तर रामदादा... बघा, अजूनही वाक्य पूर्ण होत नाही. कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित पडला असता. मला हे कधीच कळणार नाही.

एकदा मी आलो होतो. दादांच्या तेराव्यानंतर. म्हटलं, "वहिनी, त्या पाण्याच्या वेळी माझं जरा..." तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत. "झाला ता झाला. चाय घेतास?"

आणि मी सुटलो म्हणून चहा प्यायलो. दोन कप! तुम्ही मला इतक्या सहज का सोडलंत? माफ केलंत, की माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं ठरवलंत? तुमच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाही कळलं नाही.

या सगळ्या वर्षांत मी एका गोष्टीचा विचार करत आलोय. तो रिपोर्ट खोटा नव्हता. लॅबवाल्याने चोख काम केलं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त ज्या नळाबद्दल कुणाची तक्रार नव्हती त्या नळाबद्दल होता. खोटं बोलणारा माणूस निदान मनातून दचकतो. मी दचकलोसुद्धा नाही. माझ्या हातात खरा कागद होता, म्हणून समोरच्या बाईचं ऐकायची मला गरज वाटली नाही.

हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. माझं चुकलं, वहिनी. 'जरा' नाही. चुकलं. आणि गच्चीवर तुमच्यावर हसलो, त्याची तर मला आजही लाज वाटते.

आज सकाळी रेश्मा माझ्याकडे आली होती. तुमच्या शेजारच्या घरात दोन महिन्यांपूर्वी भाड्याने आलेली मुलगी, तिची लहान लेक तुमच्याकडे नारळाच्या वड्या खायला यायची ती. म्हणाली, "काका, पहिली पाच मिनिटं पाणी गढूळ येतंय. सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणतात, रिपोर्ट क्लीन आहे यार, टेन्शन नको घेऊ." सांगताना ती चाचरत होती. आपणच वेडे तर नाही ना, असं स्वतःलाच विचारत असल्यासारखी.

मी तिला आत बोलावलं, बसवलं. तुम्ही आला होतात तेव्हा मी तुम्हाला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं होतं.

पाणी उकळून प्या म्हणून मी चारही घरांत सांगून आलोय. सोमवारी सकाळी रेश्मा आणि मी वॉर्ड ऑफिसला जाणार आहोत. तक्रार लिहून घेईपर्यंत मी तिथून उठणार नाही, गुडघे दुखले तरी. नमुना घेताना तिच्या नळाशी स्वतः उभा राहीन. आणि रिपोर्ट अगदी चांगला आला ना, तरी मी तिला सांगेन, बाई गं, पुन्हा शंका आली की पुन्हा ये, शंभरदा ये. हे मी तुम्हाला वचन देतो.

तुमचा भावजी,
सुधाकर
पहिला मजला