अळीचं मागचं टोक

९ मे

अळी निघाली. आमच्याच हापूसमध्ये!

निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये तपासणीला आज मी एकटीच, सोबतची वजीरा रजेवर. पेट्यांच्या चिठ्ठीवर सासऱ्यांचं नाव बघून सरांना म्हटलं, घरचा माल मी नको बघायला. ते म्हणाले, गाडी थांबणार नाही, बघ.

एका फळावर सुईच्या टोकाएवढा डाग. कापलं — गर पाणचट, आत पांढरट अळ्या. मनात म्हटलं, चिलटांच्या असू देत. चिलटं फुटक्या फळावर बसतात, त्यांच्यापायी माल अडत नाही. भिंगाखाली धरली. चिलटाच्या अळीची मागची श्वासाची छिद्रं बारीक नळीवर उचललेली असतात. हिची सपाट, अंगालगत. प्रत्येकात तीन फटी. तोंडात काळे आकडे. टेबलावर राहिलेली एक अळी अंगाचं कडं करून टुणकन उडाली. चिलटाची उडत नाही.

फळमाशी. नेमकी कुठली ते माशी बाहेर पडल्यावरच कळेल, पण माल अडायला एवढं पुरे.

नापास लिहिलं. आता हंगामभर आमचे आंबे परदेशी जाणार नाहीत.

१० मे

काल मसुऱ्यात घरी बातमी माझ्याआधी पोचलेली. आबा — सासरे — ओटीवर बसून होते. मी पायरी चढले तर म्हणाले,

"आम्ही घराक सून आणलंव असा वाटला होता."

जेवले नाहीत. सासूबाई त्यांच्या मागोमाग उपाशी. सिद्धेश — माझा नवरा — तेवढा माझ्याशेजारी जेवायला बसला. या घरात माझं असं एकच माणूस आहे.

११ मे

सकाळी कोणी हाक मारली नाही. चहाही माझा मीच केला.

१२ मे

आबांचे मित्र हरिश्चंद्रकाका पॅकहाऊसवर येऊन गेले. त्यानंतर सरांनी बोलावलं. फार गोड बोलले. चिलटांच्या अळ्या होत्या, पेटी आपटली, फळ फुटलं, असं लिहिता येईल म्हणाले. घरात शांतता महत्त्वाची.

नमुना म्हणून बाटलीत ठेवलेली अळी काढून मी त्यांना दाखवली. त्यांनी भिंग लावून बघितलं. मग मान वर करून म्हणाले, "दिसतंय. दिसलं नसतं तर बरं झालं असतं."

बदललं नाही मी. आबांनीच काकांना पाठवलं असणार. वर तोंडाने देवाधर्माच्या गोष्टी! इतका राग आला की संध्याकाळी घरात पाऊल टाकवेना. व्हाळाच्या कडेला आटत आलेलं पाणी बघत बसून राहिले.

१४ मे

सकाळी आबा बागेतून आले. हातात पडका आंबा. तो माझ्यासमोर ठेवला.

"किशोरी, माका दाखय."

घरी भिंग होतं. अंगणात उन्हात बसून आंबा कापला, अळी दाखवली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत होते.

"हिका पाय नाय?"

"नाय."

"मगे चलता कशी?"

तोंडातल्या आकड्यांनी गर खरवडत सरकते म्हटलं. मागच्या टोकाच्या तीन फटी दाखवल्या. पिकलेलं फळ खाली पडतं, अळी त्यातून मातीत शिरते, तिथून माशी होऊन पुन्हा झाडावर. म्हणून पडकी फळं रोज गोळा करून खोल पुरायची असतात. मी काकांचं बोलले, तर त्यांनीच विचारलं, काका तुझ्या सरांकडे गेले होते काय? त्यांना ठाऊकच नव्हतं! मान खाली घालून म्हणाले, मी कोणाला पाठवलं नाही.

मग कुदळ घेऊन गेले. दुपारपर्यंत खड्डा खणत होते. मी पाणी नेऊन दिलं. प्यायले.

१५ मे

आबा आणि मी पडके आंबे वेचले. सिद्धेश कणकवलीला गेला होता.

१६ मे

सिद्धेशला विचारलं, काकांना कोणी पाठवलं? तो बूट काढत होता. मीच, म्हणाला. मग आपणहून पुढचंही सांगितलं. पेट्या भरायच्या आधी दोन आंबे कापून बघितले होते. अळ्या दिसल्या होत्या.

"तपासणीक तुझी पाळी होती म्हणानच त्याच दिसाक धाडलंय. तू सांभाळून घेशीत, असा वाटला."

चिडून नाही, सहज म्हणाला. बायकोवर भरवसा होता, एवढंच.

आबा अजून बागेत आहेत. त्यांना सांगायला चाललेय.