पूड सोडणारी भिंत

१६ डिसेंबर, सोमवार

आज माझी अर्धी भिंत राणोजीरावांच्या पाठीला चिकटून दुसऱ्या मजल्यावर गेली!

बिचारे गॅलरीतला कढीपत्ता द्यायला आले होते. बसा म्हटलं, तर भिंतीला टेकून बसले. तपकिरी शर्ट. जिना चढताना पाठ पाहिली – पांढरीफटक! सांगायला हवं होतं. मी पदर तोंडाला लावून उभी. तळमजल्यावरची धनलक्ष्मी मात्र ओरडलीच – "सार, मामींच्या भिंतीला टेकलात वाटतं!" अख्ख्या जिन्याने ऐकलं.

पाच मिनिटांत परत खाली. हातात काळी छत्री. तिचं कापड भिंतीवर घासलं आणि मला दाखवलं. "पाहिलें काय? रंगांतला गोंद मेला. राहिली ती नुसती पूड. पेंटरानें पाणी फार घातलें." इथे चेन्नईत नुंगंबाक्कमच्या शाळेत जन्मभर केमिस्ट्री शिकवलेला माणूस, न विचारताही समजावतो. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकलं की मला सांगलीवालीला वाटतं, आता हे पागोटं बांधणार.

पेंटर बोलावते म्हटलं. "पेंटर कशास? मी आहें कीं."

आणि संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर. महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून येणार आणि माझ्या भिंतीला टेकणार! नाही म्हणायची सोयच नव्हती.

१७ डिसेंबर

नाकाला टॉवेल बांधून आले, दरोडेखोर दिसत होते. ब्रशने सगळी पूड झाडली. माझे केस पांढरे, त्यांचे पांढरेच होते ते आणखी पांढरे. दोनदा कॉफी. दार आम्ही सताड उघडं ठेवलं होतं.

ते ठेवावंच लागतं. एकटा पुरुष एकट्या बाईकडे नुसता कॉफीला आला तर बातमी होते. भिंत रंगवायला आला तर कौतुक होतं.

१९ डिसेंबर

काल साबणाच्या पाण्याने भिंत पुसली. आज वाळली का बघायला आले. नव्हती वाळली. संध्याकाळी पुन्हा बघायला आले.

२२ डिसेंबर, रविवार

हैदराबादहून शरण्याचा व्हिडिओ कॉल. "आई, अजून तशीच भिंत? मी काँट्रॅक्टर पाठवते. दोन दिवसांत अख्खं घर!"

मी घाईघाईने नको म्हटलं. धूळ होते, सामान हलवावं लागतं, माणसं परकी. सगळं खोटं. खरं एवढंच की अख्खं घर दोन दिवसांत झालं तर राणोजीराव तिसऱ्या दिवशी कशाला येतील?

लेकीला हे कसं सांगायचं? तिचे बाबा जाऊन पाच वर्षं झाली. भिंतीवरचा त्यांचा फोटो आम्ही काढून टेबलावर ठेवलाय, रंग उडू नये म्हणून. ती बघून काय म्हणेल, याची मला भीती वाटते. फोटोची नाही वाटत.

२७ डिसेंबर

प्रायमर झाला. ब्रश वरून खाली, मग आडवा – मलाही शिकवलं. हात दुखून आला, पण काय मजा!

शिडीवरून म्हणाले, "चंद्रिका असती तर खालून सांगती, डावीकडे राहिलें, उजवीकडे राहिलें." बायकोचं नाव पहिल्यांदाच घेतलं. मी वर बघितलं. मग म्हटलं, "डावीकडे राहिलंय." राहिलंच होतं. हसून पुन्हा ब्रश घेतला.

३ जानेवारी

रंगावरून भांडण! त्यांना हळदीसारखा पिवळा हवा, मला लिंबासारखा. "तुमचें घर, तुमचा रंग," म्हणाले आणि ब्रश खाली ठेवला. मग केसरी केली – सांगलीत शिरा, इथे केसरी, भांडण मिटवायला दोन्ही चालतात. वाटी पुसून खाल्ली. लिंबू लागला. पहिला हात पूर्ण.

६ जानेवारी

दुसरा हातही झाला. वाळल्यावर छत्री घासली – कापड काळं ते काळंच! पोराचा पहिला नंबर आल्यासारखे नाचले. मीही टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी ब्रश धुतले. खालचे पेपर गोळा केले. शिडी खांद्यावर घेतली. "येतों मग."

भिंत इतकी सुंदर झाली आहे की बघवत नाही.

७ जानेवारी

आज कुणी आलं नाही.

८ जानेवारी

जिन्यात भेटले. दुधाबद्दल बोललो. मग दुधाबद्दलच आणखी थोडं बोललो. धनलक्ष्मी खुशीत – "मामी, सारचा शर्ट आता स्वच्छ!"

९ जानेवारी, गुरुवार

बासष्ट वर्षांची बाई मी. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते!

तमिळांचा मार्गळी महिना, म्हणून पहाटे दारात मोठं कोलम काढलं, म्हणजे इथली रांगोळी. धनलक्ष्मीनेच शिकवलंय – पीठ तांदळाचंच हवं, दगडाची पूड नाही, कारण कोलम म्हणजे मुंग्यांचा नाश्ता. हात पिठाने पांढरा झाला होता. आत आले. दारामागच्या भिंतीवर सहज तळवा टेकला. छान उमटला! मग जरा चोळला. मग आणखी एक चिमूट घेऊन जरा वर चोळला.

आणि वर जाऊन बेल वाजवली. "अहो, भिंतीचा रंग परत सुटला!"

बनियनवरच आले, छत्री घेऊन. घासली. पांढरी! बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग अगदी गंभीर – "हें खोलवरचें आहे, संयुक्ताबाई. घाई उपयोगाची नाहीं. रोज पाहावें लागेल."

रोज!

१० जानेवारी

मुंग्या!!

भिंतीवर रांगच रांग. दारातल्या कोलमावरून थेट आत, दारामागे, वर. राणोजीराव खुर्ची घेऊन समोर बसलेले. त्या चढत होत्या, ते बघत होते, मी फरशी बघत होते. रंग खाणाऱ्या मुंग्या या माणसाने केमिस्ट्रीच्या कुठल्याच पुस्तकात वाचल्या नसतील.

शेवटी म्हणाले, "चेन्नईच्या मुंग्या. काय सांगावें!" आणि कॉफी मागितली.

त्यांना कळलंय. कळलंय ना? स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून हसले, दूध उतू गेलं.

१३ जानेवारी, भोगी

शरण्या आली. हॉलची भिंत बघून खूश – "काकांनी केलं हे सगळं?" मग दारामागे गेली. मुंग्या बघितल्या. बोट फिरवलं, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. हात धुऊन जेवायला बसली. जेवतानाही माझ्याकडेच बघत होती.

ती अंघोळीला गेल्यावर ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. पुरे झाला पोरकटपणा.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू झकास. काळ्या साड्या भिंतीला टेकल्या, उठल्या – एकीच्याही पाठीवर डाग नाही! धनलक्ष्मी दरवर्षीसारखी म्हणालीच, "सणाला काळं? तुम्ही लोक म्हणजे..." आणि तिळाचे चार लाडू जास्त घेऊन गेली.

राणोजीराव तिळगुळाला आले. शरण्या तिथेच उभी. मी तिच्यादेखत सांगून टाकलं, "भिंत अगदी छान आहे हो आता. रोज बघायला यायची गरज नाही." हसत सांगितलं. ते "बरें" म्हणाले. तिळगूळ हातातच धरून जिना चढले.

शरण्या म्हणाली, "आई, असं का बोललीस?" मी म्हटलं, भिंत खरंच छान आहे. रात्री उशीत डोकं खुपसून रडले. लिहायचं म्हणून लिहिते. खूप रडले.

१५ जानेवारी, बुधवार

शरण्या पहाटेच विमानाला गेली. मी झोपलेलीच. उठून दार उघडलं तर दारात वेडंवाकडं कोलम! या पोरीला एक रेघ सरळ काढता येत नाही. आणि दारामागे, माझ्या लिंबू रंगावर, पिठाचा एक तळवा. बोटं माझ्यापेक्षा लांब. खाली मुंग्यांची रांग लागलेलीसुद्धा.

तेवढ्यात राणोजीराव दारात. धाप लागलेली. हातात छत्री. "शरण्येनें विमानतळावरून फोन केला. म्हणाली, आईची भिंत परत बिघडली, काका, तुम्हीच पाहा."

या म्हटलं. ते आत आले आणि दार मी पहिल्यांदाच लावून घेतलं – आणखी मुंग्या नकोत म्हणून!