चौकोनांचं पत्र

ताईस नमस्कार.

तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे, म्हणून माझं बोलणं सीडीवर भरून पाठवतोय. हे पत्र मात्र पाठवणार नाही.

तुझ्या मुलीने पाठवलेली तुझ्या निरोपाची फाईल माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आकडे तेवढे वाचता आले: 14 आणि 10.30. मी सातवी शिकलेला, वाटलं आपल्यालाच वाचता येत नाही. जीव टांगणीला लागला. शेवटी शेजारच्या मास्तरीणबाईंना बोलावलं.

"काका, तिच्याकडचा फॉन्ट तुमच्याकडे नाही, एवढंच," म्हणत त्यांनी तो बसवला. चौकोनांतून तू बोललीस, "14 तारखेला 10.30 वाजता डोळ्याचं ऑपरेशन. तू नुसता बाहेर बसलास तरी मला धीर येईल."

सीडीच्या तीन चकत्या वाया गेल्या. कॉम्प्युटरवर वाजायच्या, पण तुझ्याकडे आहे तसल्या जुन्या प्लेअरवर मुक्या. बाई हसल्या, "अहो, तुम्ही नुसत्या फाईली उतरवल्यात. आधी 'ऑडिओ सीडी' निवडायचं." चौथी खणखणीत वाजली. तीत मी म्हटलंय, "ताई, या यंत्राचं काही खरं नाही! फाईल उघडेपर्यंत सोळा तारीख उजाडली."

खरं तर फाईल बारा तारखेलाच उघडली होती. चौदाला मी धुतलेले कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन घराच्याच दाराशी बसलो होतो, साडेदहाचे ठोके पडेपर्यंत. दवाखान्याच्या नुसत्या वासालाही मी भितो, म्हणून उंबरा ओलांडलाच नाही.

सीडी उद्या टपालात टाकतो. यंत्रावर आळ घेतला, ते बिचारं काही बोललं नाही.

तू लहानपणी ठेवलेल्या नावाला जागलेला,
ससोबा