चिंगीचं खरं वजन

३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा आधी कान पकडते. दुकान नव्या जागेत हलवण्याच्या गडबडीत होतो. आता पुढे इस्त्रीचं टेबल आणि मागे आमची एक खोली. हे सकाळी घरोघर फिरून कपडे आणतात, मी इस्त्री करते आणि चिंगी टेबलाखाली गाठोड्यांत लोळते. माझ्या लग्नात तू म्हणाली होतीस की या पोरीचा जन्म घड्या घालण्यात जाणार. तुझी जीभ काळी आहे, दुसरं काय!

एक गोष्ट मनाला खाते आहे, म्हणून लिहिते. इथे पाण्याच्या टाकीमागे सरकारचं बालकेंद्र आहे. दर महिन्याला मुलांचं वजन करतात, लस टोचतात, सकस पिठाची पाकिटं देतात. तिथल्या बाई उंच, चष्मेवाल्या, मोजकं बोलणाऱ्या. पण त्यांचं वागणं मला सरळ दिसत नाही. मुलाला काट्यावर ठेवलं की आधी एका निळ्या वहीत काहीतरी टिपतात, ती वही खेळण्यांच्या खोक्यात तळाशी सरकवतात, आणि मग मोठ्या रजिस्टरात आणि आपल्या कार्डावर लिहितात. दोन वह्या कशाला गं?

चिंगी आता तेरा महिन्यांची झाली. कार्डावर तिचं वजन सात किलो सहाशे आहे, खूण हिरव्या पट्ट्यात. पण सहाव्या महिन्यातलं झबलं तिला अजून सैल होतं. मी तसं म्हटलं तर बाईंनी दाराकडे बघितलं आणि हळूच सांगितलं की हिला मोठ्या दवाखान्यात मुलांच्या विभागात दाखवा, चिठ्ठी मात्र मी देऊ शकत नाही आणि मी पाठवलं असं सांगू नका. वर वर्तमानपत्रात गुंडाळून एक जास्तीचं पाकीट दिलं आणि पदराखाली धरून न्यायला लावलं. मी घरी आले ती चोरी केल्यासारखी. जी पोर कार्डावर धडधाकट आहे तिला दवाखान्यात कशाला पाठवायचं? आणि पाठवायचं तर चिठ्ठी का नाही?

तुझी गुडघेदुखी कशी आहे? तू आरोग्यखात्यात जन्म काढलास, तूच सांग काय करू. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी
ठकू

८ मार्च

चि. ठकू हिस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथेच आहेत. तुझं पत्र दोनदा वाचलं. ठके, इथे पाणी मुरतंय. मी एकतीस वर्षं नर्स म्हणून वाड्यावस्त्यांवर मुलांची वजनं केली आहेत, या बाबतीत मला कोणी शिकवू नये. दोन वह्या ठेवणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. एक वही साहेबाला दाखवायची, दुसरी स्वतःच्या सोयीची.

वजन वाढवून लिहिण्याच्या तऱ्हा अनेक. मुलाला दुपट्यासकट तोलायचं, काट्याला हलकेच कोपर लावायचं, नाहीतर काटा बघायचाच नाही, मागच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवून मोकळं व्हायचं. मुलं कागदावर गुटगुटीत दिसली की पाकिटं कुठे जिरली हे कोणी विचारत नाही. आणि तुला मिळालेलं ते जास्तीचं पाकीट म्हणजे तोंड बंद ठेवायचा खाऊ. चिंगीला त्यातला कणही देऊ नकोस. काय मिसळलंय कोण जाणे.

तू असं कर. धान्याच्या दुकानात जाऊन चिंगीला अंगावरच्या एका कपड्यानिशी तोल आणि आकडा मला कळव. कोणाजवळ बोलू नकोस. लहानपणी मैत्रिणींची गुपितं तू चौकात सांगायचीस, हे मी विसरलेले नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. काळजी घे, मायेची आठवण ठेव.

तुझी
मावशी

१३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तोललं. दुकानदार हसला, म्हणाला, पोरीचा भाव काय लावू? आणि काटा स्थिर झाल्यावर त्याचंच हसू मावळलं. सहा किलो तीनशे. दोनदा तोलून बघितलं.

मावशी, सव्वा किलोवर फरक! म्हणजे बाई आम्हाला इतके महिने फसवत होत्या. मी कार्डावरची हिरवी खूण बघून निश्चिंत झोपत होते. तीन दिवस चिंगीला जुलाब होताहेत, खाताना तोंड फिरवते. ते जास्तीचं पाकीट मी तू सांगितल्याप्रमाणे फळीवर ठेवून दिलंय, उघडलंही नाही. काल केंद्रावरच्या मदतनीस बाई दुकानावरून गेल्या. दवाखान्यात नेलं का, पीठ खाते का, असं विचारून गेल्या. बाईंनीच त्यांना पाठवलं असणार चाचपायला. मी हो म्हटलं.

हे म्हणतात आधी दवाखाना गाठू. तू काय म्हणतेस? पत्राची वाट बघते.

तुझी
ठकू

१७ मार्च

चि. ठकू हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत तक्रारअर्ज लिहून पाठवते आहे. तुझ्या अक्षरात उतरवून काढ, सही कर आणि वरच्या कार्यालयात हातोहात दे. दोन वह्या, खोटं वजन, चोरून दिलेलं पाकीट, सगळं त्यात घातलंय. ते पाकीट जपून ठेव, पुरावा आहे.

दवाखान्यात ने, पण अर्ज दिल्यावर आणि तपासणीला माणसं येऊन चिंगीला तोलून गेल्यावर. आधी नेलंस तर दवाखान्यात सलाईन लावतील, चार दिवसांत वजन थोडं वर येईल, आणि ती बाई म्हणेल, बघा, पोर ठणठणीत आहे. आठवडाभराचाच प्रश्न आहे. तोवर मीठसाखरेचं पाणी पाजत राहा. कुंपणच शेत खात असेल तर कुंपणाला हात घातलाच पाहिजे.

धीर सोडू नकोस. मी पाठीशी आहे.

तुझी
मावशी

२९ मार्च

सौ. ताई,
सप्रेम नमस्कार.

मी केंद्रातली बाई. हे पत्र मदतनीस बाईंच्या हाती देते आहे, कारण मला आता तुमच्या गल्लीत यायला मनाई आहे. परवा तपासणी झाली. पाकिटं एकोणीस कमी भरली. मला कामावरून दूर केलंय आणि चौकशी लावली आहे. तपासणीला आलेल्यांनी मुलं तोललीच नाहीत, फक्त पाकिटं मोजली.

तुम्ही अर्ज केलात याचा मला राग आहे, खोटं कशाला लिहू? पण आईने संशय घ्यावा, हेही मला मान्य आहे. रजिस्टरातलं वजन खोटंच होतं. पर्यवेक्षक बाईंनी तोंडी सांगितलं होतं की या वर्षी लाल पट्ट्यात एकही मूल दिसता कामा नये, दिसलं तर केंद्र बंद करू. मी त्यांचं ऐकलं, ती माझी चूक. पण खरं वजन विसरायचं नाही म्हणून निळी वही ठेवली. कागदावर मूल हिरवं असलं की दुप्पट पीठ देता येत नाही आणि दवाखान्याची चिठ्ठीही लिहिता येत नाही. म्हणून गाव सोडून गेलेल्या घरांची पाकिटं मी लाल मुलांना वाटत होते. असं वाटणं नियमात बसत नाही. एकोणीस पाकिटं त्यातच गेली, त्यातलं एक तुमचं.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही हो म्हणालात, पण चिंगी दवाखान्यात आलीच नाही, असं मदतनीस बाईंना तिथे कळलं. निळ्या वहीत तिची तीन महिन्यांची वजनं आहेत, काटा खालीच जातोय. माझ्यावरचा राग राहू द्या, पण आजच्या आज न्या. मुलांच्या विभागात सकाळी ज्या सिस्टर असतात त्यांना निळ्या वहीतली म्हणून सांगा, त्यांना कळेल.

आपली
केंद्रातली बाई

४ एप्रिल

मावशीस,
नमस्कार.

मुलांच्या विभागातून लिहिते आहे. आज सहावा दिवस. चिंगीने आज सकाळी पहिल्यांदा वाटी स्वतःकडे ओढली. आणलं तेव्हा पाच किलो नऊशे होती, डोळे खोल गेले होते, रडायलाही आवाज नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कशाची वाट बघत होतात? ह्यांनी माझ्याकडे न बघता चिंगीचं दुपटं सारखं केलं. तेच मला जास्त लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन दिवस उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं.

बाईंचं पत्र सोबत पाठवते, वाच. इथल्या सिस्टरांना निळ्या वहीतली म्हटल्याबरोबर त्यांनी रांगेतून पुढे घेतलं. या वर्षी अशी सात मुलं इथे आली म्हणे, सगळी चिठ्ठीशिवाय.

पुरावा, पुरावा करत तू मला थांबवलंस. उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि मी त्या हाकू दिल्या. माझी अक्कल कुठे गेली होती, हे मी स्वतःला रोज विचारते. पण तुलाही एक विचारायचं आहे. दुपट्यासकट तोलायचं, काट्याला कोपर लावायचं, मागच्या आकड्यात दोनशे मिळवायचे. या तऱ्हा तुला इतक्या बारकाईने कशा माहीत?

ठकू

९ एप्रिल

चि. ठकू हिस,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. त्या तऱ्हा मला माहीत आहेत, कारण त्या माझ्याच आहेत. नोकरीच्या शेवटच्या आठ वर्षांत मी त्या सगळ्या वापरल्या. वरून दट्ट्या यायचा, वस्त्या लांब, पाय दुखायचे. मीच म्हणायचे, दोनशे ग्रॅमनी कोणाचं काय बिघडतंय? पाकिटं मी कधी घरी नेली नाहीत, यावर फार मोठेपणा मिरवत आले. पण निळी वही मी ठेवली नाही. खरं वजन मी कुठेच लिहिलं नाही. टोपल्या विणणाऱ्या एका बाईची जुळी होती. त्यातली एक पुढच्या महिन्यात वजनाला आली नाही. मी विचारलं नाही. रजिस्टरात गैरहजर लिहिलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हे. तुमच्या बाईंकडे न बघताच मी त्यांच्यात स्वतःला बघितलं, आणि साप समजून भुई धोपटत बसले. त्या भुईवर तुझी पोर होती.

चौकशी कोणत्या तारखेला आहे ते कळव. मी येते. मला बोलू देतील की नाही माहीत नाही, पण आता घरी बसवत नाही. रागावलेली राहा, हक्क आहे तुझा.

मावशी

१२ मे

ती. मावशीस,
न. वि. वि.

चौकशीत तुझं बोलून होताच तू बस गाठलीस, जेवायलाही थांबली नाहीस. मी थांब म्हटलं नाही, तेही खरं.

तू उभी राहून स्वतःचं आठ वर्षांचं काम सांगत होतीस, तेव्हा तुझी पाठ आमच्याकडे होती. मी पर्यवेक्षक बाईंच्या समोर बसले होते. आधी त्या हातातलं पेन फिरवत होत्या. तू म्हणालीस की तोंडी हुकूम देणारा नेहमी कोराच राहतो, तेव्हा पेन थांबलं. तू गेल्यावर चौकशीच्या साहेबांनी त्यांना सरळ विचारलं, असं सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. मग दुसऱ्या केंद्राच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, मलाही सांगितलं होतं. मग तिसऱ्या. तोवर सगळ्या भिंतीला चिकटून गप्प बसल्या होत्या.

निकाल मागच्या आठवड्यात आला. बाईंना परत घेतलं, पाकिटांबद्दल लेखी समज दिली. पर्यवेक्षक बाईंची बदली झाली, तेवढंच. आमच्या केंद्रातल्या त्रेचाळीस मुलांना नव्याने तोललं, तर अकरा लाल पट्ट्यात निघाली. त्यांना दुप्पट पीठ आणि चिठ्ठ्या मिळाल्या आहेत, आता उघडपणे.

काल वजनाचा दिवस होता. मी रांगेत उभी होते आणि पाचावर धारण बसली होती. बाई माझ्याशी बोलत नाहीत. मी माफी मागायला दोनदा गेले होते, दोन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं आणि कामाला लागल्या. काल त्यांनी चिंगीचे कपडे स्वतः उतरवले, तिला काट्यात ठेवलं आणि हात पाठीमागे घेऊन बाजूला झाल्या. मला म्हणाल्या, तुम्ही वाचा, मोठ्याने. मी वाचलं, सात किलो शंभर. त्यांनी तेवढंच लिहिलं. हिरव्याच्या बरंच खाली, पण चढत निघालेलं. माझ्या मागची नवी आई मान लांब करून डोळे बारीक करून काट्याकडे बघत होती, बाईंवर तिचा विश्वास नव्हता, ते दिसतच होतं. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि नीट दिसावं म्हणून स्वतःची खुर्ची सरकवून दिली.

चिंगी टेबलाला धरून उभी राहते. पुढच्या महिन्यात येऊन जा, तिला बघायला ये. माया कमी झाली नव्हती, असं खोटं लिहिणार नाही. ती पुन्हा भरून यायला थोडा वेळ लागेल, तेवढा दे.

तुझी
ठकू