आमची माणसं कोण फोडतंय?

५ फेब्रुवारी

आणखी एक गेला! दुसऱ्या गाडीवरचा मिशीवाला. सकाळी हजेरीला ताठ उभा, दुपारी साहेबांच्या टेबलावर राजीनामा. "घरगुती कारण." कसलं घरगुती! शेजारच्या मोठ्या शहराच्या पोलिसांत चाललाय. तिकडची महापालिका पोलिसांना आमच्या दीडपट पगार देते, वर आठवड्याला दोन सुट्ट्या. अख्खं ठाणं जाणतं, फक्त कागद जाणत नाही.

माणूस घ्यायचा आम्ही, शिकवायचा आम्ही, चार वर्षं त्याच्या चुका पोटात घालायच्या आम्ही. तयार झाला की न्यायचा त्यांनी. आयत्या बिळावर नागोबा.

ड्यूट्या मी लावते, म्हणून शिव्याही मलाच. आता प्रत्येक गाडीत एकच माणूस. माझ्याच गाडीत तेवढे दोघं, मी आणि गाडी चालवणारा मौनी. कारण साहेबांचा हुकूम आहे, पाळीप्रमुख एकटी फिरणार नाही. किती दिवस टिकतोय हा हुकूम, बघू.

८ फेब्रुवारी

आज छोटीने ठाण्यातल्या माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि रडली. आमच्यातली सगळ्यात लहान पोलीस, घरी तान्हं बाळ. काल तिला मोठ्या शहरातून फोन – तिकडच्या भरतीवाल्या बाईंचा. म्हणाल्या, "आमच्याकडे लहान मूल असलेल्यांना रात्रपाळी देत नाहीत."

बाळाचं त्यांना कसं कळलं? आणि रात्रपाळीचं? ते तर छोटीने गेल्या आठवड्यात फक्त माझ्याकडे मागितलं होतं! ह्याच खोलीत, असंच दार लोटून. मी "बघते" म्हटलं, आणि काही बघू शकले नाही. माणसंच नाहीत.

मिशीवाल्यालाही म्हणे नेमकं पाठीचं विचारलं होतं. "तुम्हाला टेबलाचं काम देऊ." पाठ दुखते हे तो चारचौघांत कधी बोलला नाही. मला सांगितलं होतं, गाडीतून उतरताना.

कुठेतरी पाणी मुरतंय.

कोण? शेजारच्या खोलीत पगारबिलं करणाऱ्या कारकून बाई – मधली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. की मौनी? तो तर गाडीत दिवसभर माझ्या शेजारी. नावच मौनी पडलंय. बोलत नाही, म्हणजे ऐकतो!

घरी आल्यावर नवऱ्यापाशी सगळं ओकले. त्याचं बरं आहे – चष्म्याचं दुकान, गिऱ्हाईकाला "हे अक्षर दिसतं का?" विचारायचं, संध्याकाळी शटर ओढायचं. शांतपणे ऐकून घेतो. म्हणाला, "तू दमलीस गं." दमले खरी. हा एक माणूस नसता तर माझ्या डोक्याचा स्फोट झाला असता.

११ फेब्रुवारी

साहेब पगारवाढीसाठी नगरपालिकेत गेले होते. तोंड पाडून आले. "पुढच्या वर्षी बघू." त्याच बैठकीत मोठ्या चौकात कारंजं मंजूर!

साहेब म्हणाले, "बरोबरच आहे. कारंजं ओव्हरटाइम मागत नाही, आजारी पडत नाही, राजीनामा देत नाही."



१२ फेब्रुवारी

मौनी जिन्याखाली फोनवर बोलत होता. मला पाहिलं आणि फोन खिशात.

१५ फेब्रुवारी

छोटी चालली. पाया पडायला वाकली तर मीच मागे सरले. "ताई, रागावू नका." रागावू कुणावर? मी तिच्या जागी असते तर... नाही, मी नसते गेले. की गेले असते?

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या बाईंना प्रत्येकाची दुखरी नस बरोबर कशी सापडते? रजा तुमच्याकडे मागतात सगळे. ड्यूट्या तुम्ही लावता."

"म्हणजे? मी फोडते माणसं?"

"मी तसं म्हटलं का?"

म्हटलं नाही, पण उरलं काय म्हणायचं! एकोणीस वर्षं झाली ह्या नोकरीत. अंगाची लाही झाली. आता हा माणूस मीच शोधून काढणार.

१८ फेब्रुवारी

सापळा लावलाय!

कुत्रेवाल्याला विश्वासात घेतलं – ठाण्याचा कुत्रा सांभाळतो तो. त्याच्याबद्दल दोन थापा ठरवल्या. कारकून बाईंना सांगायचं, त्याचे गुडघे गेलेत, ऑपरेशन सांगितलंय. मौनीला सांगायचं, त्याच्या बायकोला मोठ्या शहरात नोकरी हवीय. भरतीवाल्या बाई ज्या थापेवरून फोन करतील, ती ज्याला सांगितली तो माणूस पकडला. कुत्रेवाला खूश – "ताई, आपल्याला कुत्र्याची गरजच नाही, तुम्हीच वास काढता!"

मला थापा मारता येत नाहीत, चेहरा लाल होतो. म्हणून बायकोच्या नोकरीची थाप कालच घरी मारून बघितली. नवरा कोथिंबीर निवडत होता. म्हणाला, "अरेरे, म्हणजे हाही जाणार." पटलं त्याला! तिथे पचली म्हणजे कुठेही पचेल.

आज मौनीला गाडीत सांगितलं. नुसता "हं" म्हणाला. कारकून बाईंना चहाच्या वेळी गुडघे सांगितले. त्यांनी लगेच त्यांच्या जावेचे गुडघे काढले. सुटका होईना.

२२ फेब्रुवारी

आला कुत्रेवाल्याला फोन. "तुमच्या मिसेससाठीही इथे नोकरी बघता येईल."

मौनी.

वाटलं होतं, कळल्यावर बरं वाटेल. जेवण गेलं नाही. नऊ वर्षं एका गाडीत बसलोय आम्ही. माझ्या वडिलांना खांदा दिला होता त्याने.

२३ फेब्रुवारी

बोलले. पेट्रोल पंपापुढे गाडी थांबवायला लावली आणि तोंडावर विचारलं. "किती दिवसांपासून चाललंय?"

त्याने इंजिन बंद केलं. एवढं सलग बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, मलाही फोन आला होता. दोनदा. दोनदा नाही म्हटलं. बायकोने आठवडाभर अबोला धरला माझ्याशी. त्या दिवशी जिन्याखाली तिचीच समजूत काढत होतो."

"मग त्या बाईंना कसं कळलं? मी फक्त तुला सांगितलं होतं."

"सांगितलं नव्हतं, गळ टाकला होता. मला कळत नाही का? कुत्रेवाल्याची बायको गावाबाहेर पाऊल टाकत नाही. थाप आहे हे तेव्हाच समजलं. वाटलं, मॅडमची काहीतरी अडचण असेल. म्हणून गप्प बसलो."

"तू गप्पच बसतोस. तेच तर!"

"चोर सोडून संन्याशाला फाशी," एवढंच म्हणाला आणि किल्ली फिरवली.

गुन्हेगार असेच बोलतात. दुखावल्यासारखे. मी एकोणीस वर्षं बघतेय... पण हात स्टीअरिंगवर इतके स्थिर?

२४ फेब्रुवारी

मौनीचा राजीनामा. कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही.

जाताना गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "आता खरंच तिकडे जातो, मॅडम. निदान आरोप तरी खरा होऊ दे."

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या हातातला पेला निसटला. "मौनी? तो का गेला? तो जायला नको होता!" असा ओरडला की मी बघतच राहिले. म्हटलं, चोर होता तो. तर म्हणाला, "तुला खात्री आहे?" आणि उठून काचा गोळा करायला लागला.

सगळ्यांनाच पुळका मौनीचा!

१ मार्च

साहेबांचा हुकूम गेला बाराच्या भावात. मीही एकटीच गाडीत.

४ मार्च

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

दुपारी वायरलेसवर आलं – कापड गिरणीमागच्या इमारतीत एक माणूस बायकोला मारतोय. मदत मागितली. दुसरी गाडी शहराच्या पार त्या टोकाला, अपघातावर. "जमेल तसं येतो." नियम सांगतो, एकटीने आत जाऊ नये. आतून किंकाळी आली. नियमाला कान नसतात.

गेले. तो लोखंडी गज घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. मी बोलत राहिले, आवाज खाली ठेवून, हात दिसतील असे. बाई टेबलाखाली. त्याने एकदा गज उगारला, तो माझ्या कानाजवळून चौकटीत बसला. लाकूड फुटलं. त्या क्षणी मी डावीकडे पाहिलं. सवयीने. मौनी तिथे उभा असायचा नेहमी, काही न बोलता.

डावीकडे फ्रीज होता.

कसा धरला, कसा पाडला, आठवत नाही. बाई वाचली. मला खरचटलं फक्त. दुसरी गाडी आली तेव्हा मी जिन्यात बसले होते आणि शेजारीण मला पाणी पाजत होती – पोलिसाला!

साहेब म्हणाले, "शाबास." नंतर दार लावून म्हणाले, "मला माफ करा."  

५ मार्च

नवरा रात्रभर पाठमोरा पडून होता. झोपला नव्हता, मला कळतं. सकाळी म्हणाला, "सोड ना गं आता."

"मी सोडलं तर उरतं कोण?"

"मी उरतो ना," म्हणाला. आणि रडला. लग्नात रडला नाही, आई गेली तेव्हा रडला नाही. मी त्याला थोपटत बसले. म्हटलं, तुझा काय दोष ह्यात? तर अजूनच रडला.

८ मार्च

कारकून बाईंवर नजर ठेवून आहे. मौनी नसेल तर त्याच. पण थाप तर त्यांना वेगळी सांगितली होती. की कुत्रेवाला स्वतःच? काही जुळत नाही. मौनीला फोन लावला. उचलला नाही.

११ मार्च

आज भरतीवाल्या बाईंचा फोन मला आला.

आवाज गोड. म्हणाल्या, "तुमच्यासाठी प्रशिक्षणाची जागा आहे. रस्त्यावर जायचं नाही. सकाळी शर्टाची बटणं लावताना हात थरथरतात ना हल्ली? सुट्टी घ्या, आराम करा, मग रुजू व्हा."

बटणं चार तारखेनंतर मला लावता येत नाहीत. दार बंद करून एकच माणूस ती लावून देतो.

विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, तुमच्या मिस्टरांनीच. पहिला फोन त्यांनीच केला होता ना आम्हाला, थंडीत. म्हणाले, बाकीचे सगळे गेले की तीही सोडेल. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

स्वयंपाकघरातून त्याने विचारलं, "कुणाचा फोन गं?"

म्हटलं, "राँग नंबर."